बर्गनची वाकडी घरं

आर्थर डिमेलोला वाकडं काही खपत नाही. अजिबात नाही. शारजात, रोल्लातल्या कॅफेटेरियात चहा प्यायला शिरला तरी हा आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करणार, मग खुर्ची ओढणार. चर्चमध्ये फादरचं प्रवचन चालू असतं आणि याची नजर खिडकीच्या चौकटीवर. तिसरी चौकट डावीकडे दोन सूत उतरलीय, हे तो गेली चार वर्षं रोझला सांगतोय. रोझ म्हणजे त्याची बायको, एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर. ती म्हणते, "देवाला चालतंय ना? मग तू कोण लागून गेलास?"

पण माणूस उगाच असा होत नाही. आर्थर मॉडेलं बनवतो. बिल्डर लोक फ्लॅट विकण्यासाठी काचेच्या पेटीत जी छोटी इमारत मांडून ठेवतात ना, झाडं-गाड्या-दिव्यांसकट, ती. एकतीस वर्षं हेच काम. आधी दुबईत, देराच्या एका गाळ्यात, आणि कंपनी मोठी झाल्यावर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या शेडमध्ये. आज ढगाला टेकलेले जे टॉवर बघून पाहुणे माना वर करतात, त्यांतले कितीतरी आधी आर्थरच्या टेबलावर उभे राहिले आणि नंतर जमिनीवर. एकही कललेला नाही. वसईच्या पाचूबंदरात त्याचा बाप होड्या बांधायचा. उभी रेष तपासायचा त्याचा पितळी ओळंबा आर्थरने विमानातून आणला होता आणि तो अजून त्याच्या टेबलाच्या खिळ्याला लटकलेला असायचा.

एवढ्या वर्षांत एकाही मॉडेलवर आर्थरचं नाव मात्र लागलं नव्हतं. पाटी बिल्डरची, खाली बारीक अक्षरांत कंपनीची. त्याला त्याचं काही वाटत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा. सगळ्यांना म्हणजे रोझ सोडून, कारण तिला ते खरं नाही हे माहीत होतं.

मार्चमध्ये तो साठीचा होणार होता आणि मग खलास, बॅगा भरून वसई. त्याच्या आधीचं हे शेवटचं काम आलं ते थेट नॉर्वेहून. तिथल्या बर्गन नावाच्या जुन्या बंदराला दुबईच्या पर्यटन प्रदर्शनात आपला स्टॉल लावायचा होता, आणि स्टॉलच्या मधोमध आख्खा धक्का हवा होता. सोळा फूट बाय दहा फूट आणि सगळा लाकडात. प्रोजेक्ट मॅनेजर निनाद, पुण्याचा, वय एकोणतीस, ड्रॉइंगचं भेंडोळं घेऊन आला आणि म्हणाला, "अंकल, हे लेझर मशीनवाल्या पोरांना जमणार नाही. हे तुमचंच काम. आणि क्लायंटची एक कंडिशन आहे. सिग्रिड मॅडम म्हणतात, आमच्याकडे करणाऱ्याचं नाव लिहितात. पितळी पाटीवर तुमचं नाव येणार. 'आर्थर डिमेलो, वसई.' कंपनीचं त्याच्या खाली."

"वसई पण?"

"वसई पण."

आर्थरने मान हलवली आणि रंधा शोधायला गेला. रंधा त्याच्या हातातच होता.

त्या दिवसापासून त्याने बर्गनचा ध्यास घेतला. रात्री जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून रोझला गाव दाखवायचा. हे सात डोंगर, आणि मध्ये बंदर. या डोंगरावर चढायला कलती रेल्वे आहे, वरून सगळं गाव दिसतं. हे दोन मनोऱ्यांचं मरियामातेचं चर्च, दगडी, गावातली सगळ्यात जुनी इमारत. हा राजाचा दरबार, हा त्याच्या शेजारचा बुरूज. आणि हा धक्का, याला ब्रिगेन म्हणतात. लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं, एकमेकांना चिकटून. पुढे दुकानं, मागे बोळ.

"जर्मन व्यापारी इथं बसून धंदा करायचे. शेकडो वर्षं. कशाचा माहितीय?"

"सोन्याचा?"

"सुक्या मासळीचा."

रोझचा घास हातातच राहिला. "काय सांगतोस! म्हणजे आपल्यासारखेच की."

"आपल्यासारखेच. बोंबलाऐवजी कॉड. हाताएवढा मोठा, आणि लाकडासारखा कडक."

झालं. बर्गन त्याला घरचं वाटायला लागलं. शेडमध्ये जो येईल त्याला तो सांगायचा की नॉर्वेत एक पाचूबंदर आहे, फक्त तिथं थंडी फार. पॉलिशवाला गनी, पेशावरचा, त्याला हे इतक्यांदा ऐकावं लागलं की तो स्वतःच नव्या माणसाला सांगायला लागला, "आर्थरभाई का गाँव है वो, यूरोपवाला."

आता खरी गोष्ट. नकाशे आले होते ते मशीनने मोजलेले, एकेका घराचे. आणि त्यांत एकही रेषा सरळ नव्हती. एक घर डावीकडे कललेलं, दुसरं त्याच्या अंगावर रेललेलं, तिसऱ्याचा मजला उताराला लागलेला. दारांच्या डोक्यावर पातळ तिकोनी चकत्या काढलेल्या, कशासाठी ते देव जाणे. आर्थरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्याला कळलं. मोजणाऱ्याने मशीनच वाकडी उभी केली होती! सोबतच्या फोटोंत पण तेच. फोटो काढणाऱ्यांचं काय सांगावं, हल्ली कोण कॅमेरा सरळ धरतो? मग आर्थरने काय केलं? जे एकतीस वर्षं केलं तेच. गुण्या लावला, ओळंबा सोडला, आणि साठच्या साठ घरं काटकोनात उभी केली. त्या तिकोनी चकत्या तर त्याने सरळ गाळूनच टाकल्या. निनादला काही बोलला नाही. बिचाऱ्या नॉर्वेवाल्यांची चूक चारचौघांत कशाला काढायची, आपण सांभाळून घ्यावं, असा मोठ्या मनाचा विचार त्याने केला. मोठं मन पण कधीकधी फार महागात पडतं.

रांगा चिकटवून झाल्या, रंग झाला, आणि एका गुरुवारी दुपारी निनादने सिग्रिडबाईंना व्हिडिओ कॉल लावला. रंगाची छटा एकदा बघून घेऊ, एवढंच काम होतं. बाई साठीच्या, पिवळा रेनकोट घातलेल्या, आणि उत्साही. बर्गनमध्ये पाऊस पडत होता. "तो इथे असतोच," असं म्हणून त्या मोबाइल हातात धरून धक्क्यावर चालायलाच लागल्या. आर्थर स्टुलावर बसून बघत होता. हा मासळी बाजार, हे बंदर, ती बघा डोंगरावर चढणारी रेल्वे! त्याने ओळखलं, सगळं ओळखलं. बाईंच्या आधी हाच सांगायचा, "आता उजवीकडे चर्चचे मनोरे दिसतील," आणि मनोरे दिसायचे. बाईंनी विचारलं, "तुम्ही इथे येऊन गेला आहात का, मिस्टर डिमेलो?" आर्थरची छाती दोन इंच फुगली.

मग बाई बोळात शिरल्या. लाकडी भिंती, वर सज्जे, आणि चित्र सगळं तिरपं.

"मॅडम, फोन जरा सरळ धरा," आर्थर म्हणाला.

"हो, हो." चित्र हललं. पण तिरपं ते तिरपंच.

"मॅडम, अजून थोडा उजवीकडे."

बाई थांबल्या. "मी सरळच धरलाय." मग त्या हसल्या, खिशातून ओठांना लावायच्या मलमाची गोल नळी काढली आणि पायाखालच्या फळ्यांवर ठेवली. नळी क्षणभर थांबली, आणि मग घरंगळत, वेग घेत, बोळाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. "बघितलंत? खाली सगळी भराव टाकलेली जमीन आहे, ती खचत गेली. तीनशे वर्षं ही घरं अशीच एकमेकांच्या अंगावर रेलून उभी आहेत. लोक हेच बघायला येतात. तुमची घरं कधी एकदा बघते असं झालंय मला. मंगळवारी पोहोचते!"

कॉल संपला. आर्थरने मागे वळून पाहिलं. सोळा फुटी टेबलावर साठ घरं उभी होती, परेडला उभी राहावीत तशी. निनादने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि मग ड्रॉइंगचं भेंडोळं उघडलं.

"अंकल, ड्रॉइंगमध्ये तर कललेलीच आहेत. तुम्ही... तुम्ही सरळ केलीत? आणि मला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं त्यांचं चुकलं."

निनाद पाच मिनिटं फक्त फेऱ्या मारत होता. पण पोरगं तसं वाईट नाही. शेवटी येऊन शेजारी बसला. "ठीक आहे. टेन्शन नका घेऊ. दिसतंय एकदम सुंदर. प्रदर्शनात लोक सेल्फी काढतील आणि जातील, कोण मोजणार आहे? मॅडमना सांगू, स्टायलाइज्ड केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम केलंय."

"मी मुद्दाम नाही केलं, निनाद. मी चुकलो." आर्थरचा आवाज चढला तसा पलीकडे गनीचा ब्रश थांबला. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव लागणार आहे. माझं, आणि माझ्या गावाचं. ती बाई तिथं जन्म काढलेली. ती बघणार आणि मनात म्हणणार, या वसईवाल्याने माझं गाव बघितलंच नाही. मंगळवारपर्यंत मला हे जमलं तर पाटी लाव. नाही जमलं तर पाटी लावू नकोस. खोट्या गावावर मला माझं नाव नको."

शुक्रवारी सकाळी त्याने एक घर सुटं केलं आणि भिंती तिरक्या कापायला घेतल्या. सोपं काम. शिकाऊ पोरालाही जमेल. पण आर्थरचा हात काही केल्या वाकडा चालेना. करवत आपोआप सरळ रेषेवर यायची. दुपारी एकदाचं ते घर झालं. दोन्ही भिंती डावीकडे, छप्पर डावीकडे, दार डावीकडे. गनीने येऊन पाहिलं, डोकं खाजवलं आणि आपल्या ब्रशाकडे निघून गेला.

शनिवारी रोझची सुट्टी होती. नवरा धड जेवला नाही हे तिला शुक्रवारीच कळलं होतं, तेव्हा ती बस बदलून, डबा घेऊन, शारजाहून थेट शेडमध्ये आली. सुकटीची चटणी, भाकरी, आणि वर ताकीद की आधी खायचं. आर्थर खात होता तेव्हा तिने ते तिरकं घर तळहातावर घेतलं. हॉटेलातली एकोणीस वर्षं तिने चादरीच्या सुरकुत्या शोधण्यात घालवली आहेत. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"हे काय, कार्टूनमधलं?"

"का? वाकडं आहे ना? वाकडंच पाहिजे."

"वाकडं आहे, पण हे म्हातारं होऊन वाकलेलं नाही. हे जन्मतःच असं आहे." तिने घर खाली ठेवलं. "माझी आई सत्तरीत वाकली होती. पण तिच्याकडे बघून कळायचं की ही बाई एके काळी ताठ चालायची."

आर्थरच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्याला बाप आठवला. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून टेकू लावून उभ्या करायचे. एका सकाळी एक होडी कललेली दिसली, तसा दहा वर्षांचा आर्थर धावत जाऊन तिला खांदा देऊन ढकलायला लागला. बाप लांबून ओरडला होता, "होडीला हात लावू नको रे! होडी सरळच हाय. वाळू बघ, वाळू."

वाळू बघ!

"रोझ," आर्थर म्हणाला, "मी मूर्ख आहे."

"ते मला माहिती आहे. भाकरी संपव."

त्याने भाकरी संपवली, कारण रोझ समोर उभी होती, आणि मग तो टेबलाखाली शिरला. घरं त्यांनी सरळच बांधली होती! त्या जुन्या सुतारांनी, गुण्या लावून, ओळंबा सोडून, त्याच्यासारखीच. घरांनी काही चूक केलीच नव्हती. खचली होती ती जमीन. म्हणजे त्याची साठ सरळ घरं चुकीची नव्हती, ती फक्त तीनशे वर्षांनी लहान होती. आता त्यांना म्हातारं करायचं होतं.

त्याने खालच्या फळीचे स्क्रू सैल केले, प्रत्येक रांगेखालची फळी वेगळी कापून मोकळी केली, आणि पाचरी मारायला सुरुवात केली. कुठे दोन सूत, कुठे तीन. पाण्याकडची बाजू जास्त उतरलेली, डोंगराकडची कमी, अगदी नकाशात होतं तसं. एक रांग कलली, शेजारचीला टेकली, तिने तिसरीला टेकवलं. लाकूड करकरलं. आणि कलताना घरांची दारं अडकली, तेव्हा आर्थर टेबलाखालून बाहेर येऊन मोठ्याने हसला. आता कळल्या त्या तिकोनी चकत्या! घर कललं म्हणून तिथल्या माणसांनी घर सोडलं नव्हतं. दार काढून पुन्हा सरळ बसवलं होतं आणि वरची फट पाचर ठोकून बुजवली होती. दर पिढीला एक चकती. मोजणाऱ्याने त्या सगळ्या मोजून काढल्या होत्या आणि आर्थरने त्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

"कसले सुतार असतील रे ते," तो गनीला सांगत होता, "जमीन पायाखालून गेली तरी दार उघडतंय!"

शनिवार, रविवार, सोमवार. रविवारी रोझ एकटीच चर्चमध्ये मिसाला गेली आणि तिने दोघांच्या वाट्याची प्रार्थना केली. निनाद सुट्टी सोडून शेडमध्ये आला, बाह्या सरसावल्या आणि चकत्या कापायला बसला. पहिल्या चाळीस आर्थरने फेकून दिल्या, पुढच्या ठेवून घेतल्या. गनीने उखडलेल्या कडांना जुना रंग दिला. पोटापाण्याला कोण कुठून आलेलं, पण त्या तीन दिवसांत तिघेही बर्गनचेच झाले होते. सोमवारी संध्याकाळी आर्थरने शेवटचं दार बोटाने ढकललं. दार उघडलं.

मंगळवारी सिग्रिडबाई आल्या. निनादने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि "वेलकम, वेलकम" दोनदा म्हणून झालं होतं. बाईंचं लक्षच नव्हतं. त्या टेबलाशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, डोळे धक्क्याच्या पातळीला आणले. बोळात डोकावल्या. आणि त्यांची मान हळूच डावीकडे कलली, आपोआप, जशी त्या बोळात उभं राहिल्यावर त्यांची रोज कलत असणार. मग त्यांनी एका बोटाने दारावरच्या चकतीला हात लावला.

"या पण आहेत," त्या म्हणाल्या. "या कुणीच करत नाही. माझे वडील या बोळात सुतार होते. यातल्या काही त्यांनी ठोकल्यात."

निनादने आर्थरकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाला, अंकल, आता गप्प राहा. सगळं छान झालंय.

पण आर्थर गप्प राहायचा नाही. "मॅडम, मी आधी सगळी घरं सरळ केली होती. मला वाटलं तुमचा नकाशा चुकला. तुम्ही ती नळी ठेवलीत तेव्हा कळलं. चार दिवसांत परत केलंय."

निनादने डोळे मिटून घेतले. बाई उठल्या, आर्थरकडे बघत राहिल्या आणि मग खो खो हसायला लागल्या. "माझे वडील म्हणायचे, नवा सुतार पहिल्या दिवशी घर सरळ करायलाच निघतो. जो निघत नाही त्याला कामावर घेऊ नये. मग त्याला कॉफी पाजायची आणि जमीन दाखवायची."

"मला कॉफी कुणी दिली नाही," आर्थर म्हणाला, "सुकटीची चटणी दिली."

बाईंनी बॅगेतून कागदात गुंडाळलेली पितळी पाटी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यांनी ती तिकडूनच करून आणली होती. आर्थरने ती नीट वाचली. मग खिळ्यावरचा ओळंबा काढला, पाणसळ आणली, आणि स्वतःच्या हाताने पाटी टेबलाच्या कडेला बसवली. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत तीनदा काढली आणि तीनदा लावली. तोपर्यंत कुणी त्याला घाई केली नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने रोझला नेलं. रोझने चर्चला जायचा रेशमी ड्रेस घातला होता. बर्गनच्या स्टॉलवर ही गर्दी! शाळेची मुलं, अरबी कुटुंबं, मुंबईची काही जोडपी फोटो काढत होती. आर्थर पुढे होऊन कुणालाही विचारल्याशिवाय सांगायला लागला, हा मासळी बाजार, ते मरियामातेचं चर्च, तो राजाचा बुरूज, आणि लोक ऐकत होते. एका मुलाने विचारलं, "अंकल, आर यू फ्रॉम देअर?" आर्थरने जरा विचार केला आणि "ऑलमोस्ट" म्हणाला.

रोझ पाटीपाशी उभी होती. 'आर्थर डिमेलो, वसई.' तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग पाटीच्या कडेवरून, कुठे उतरलीय का बघायला. नव्हती. तिने डोळे पुसले आणि घरांकडे पाहिलं. शेजारी उभ्या एका मराठी बाईला वाटलं, हिच्या लक्षात आलं नसेल, म्हणून ती म्हणाली, "अहो, ही घरं वाकडी झालीत हो. कुणी नीट बसवली नाहीत वाटतं."

रोझ काही बोलणार तोच मागून आर्थर आला. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं सरळ करत फिरलेला माणूस, मान ताठ, छाती पुढे.

"वाकडीच आहेत," तो म्हणाला. "मी केलीत."